मोडीतल्या मोटारीतून उमललेलं कमळ

लंडनमध्ये टॉटनहॅम कोर्ट रोडच्या उत्तर टोकाला वॉरन स्ट्रीट नावाची एक साधीशी गल्ली आहे. दुसरं महायुद्ध संपल्यानंतरच्या दोन-अडीच वर्षांत या गल्लीत पाऊल टाकलं, की फुटपाथच्या कडेनं ओळीनं उभ्या केलेल्या जुन्या मोटारी दिसायच्या. बॉनेटला टेकून दलाल उभे. सौदा तिथंच, रस्त्यावर आणि रोखीत. मोटार एका हातातून दुसऱ्या हातात जायची आणि दर हातबदलाला तिची किंमत थोडी वर सरकायची.

याला कारण होतं. युद्धानं इंग्लंड कर्जात बुडालं होतं. डॉलर मिळवायचे तर माल परदेशी विकायला हवा. म्हणून सरकारनं मोटार कारखानदारांना बजावलं, की पोलादाचा कोटा हवा असेल तर गाड्या निर्यात करा. घरच्या गिऱ्हाइकानं नव्या गाडीसाठी नाव नोंदवायचं आणि वाट बघत बसायचं. नवी फियाट नोंदवून वर्षानुवर्षं वाट पाहिलेल्या आणि तेवढ्या काळात जुनी गाडी नवीच्या वरच्या भावानं जाताना पाहिलेल्या आपल्या वडीलधाऱ्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

या गल्लीपासून पाच-सात मिनिटांच्या अंतरावर, गॉवर स्ट्रीटवर, युनिव्हर्सिटी कॉलेज आहे. तिथं स्ट्रक्चरल इंजिनिअरिंग शिकणारा अठरा वर्षांचा एक चुणचुणीत पोरगा वर्गापेक्षा या बाजारात जास्त रमायचा. कुठल्या गाडीचं इंजिन धड आहे, कुठल्या गाडीच्या सडलेल्या पत्र्यावर नुसता रंग मारलाय, कुठला दलाल आज पैशांना अडलाय, हे त्याला लवकर कळायला लागलं. या पोराचं नाव कॉलिन चॅपमन. पुढे त्याच्या कंपनीच्या गाड्यांनी सात वेळा जगातल्या मोटार शर्यतींचं उत्पादकांचं अजिंक्यपद जिंकलं. कंपनीचं नाव लोटस, म्हणजे कमळ. हे नाव त्यानं का ठेवलं ते त्यानं शेवटपर्यंत कुणाला सांगितलं नाही. तेव्हा त्या कमळावर आपणही उगाच हक्क सांगायला नको.

कॉलिनचा जन्म १९ मे १९२८ चा, लंडनजवळच्या रिचमंडमधला. वाढला मात्र उत्तर लंडनमध्ये. वडील स्टॅन्ली चॅपमन हॉर्न्सी भागात रेल्वे हॉटेल नावाचा पब चालवायचे. धंद्याची भाषा, गिऱ्हाइकाला बोलतं करणं, हिशेबाचं भान हे सगळं पोरानं घरातच पाहिलं असणार. १९४४ मध्ये, युद्ध चालू असतानाच, एका नाचाच्या कार्यक्रमात त्याला हेझल विल्यम्स भेटली. तो सोळाचा, ती सतराची. पुढच्या वर्षी त्यानं मोटारसायकल घेतली आणि ती एका टॅक्सीवर नेऊन आदळली. आई-वडिलांनी विचार केला, की याला चार चाकांवर ठेवलेलं बरं. १९४५ च्या नाताळात त्याला १९३७ सालची मॉरिस एट भेट मिळाली. पोरगा सुरक्षित राहावा म्हणून दिलेली ही भेट. त्यातून काय उगवणार आहे याची त्या बिचाऱ्यांना काय कल्पना!

कॉलेजात त्याचा नावबंधू कॉलिन डेअर हा मित्र होता. दोघांनी मिळून जुन्या गाड्यांचा धंदा सुरू केला. गाडी घ्यायची, घासूनपुसून, खडखड करणारं काहीबाही घट्ट करून उभी करायची आणि विकायची. कधीकधी आठवड्याला एक गाडी निघायची. गाड्या ठेवायला जागा कुठली? तर हेझलच्या आई-वडिलांच्या घरामागचं गॅरेज. जावई व्हायच्या आधीच हा मुलगा सासुरवाडीच्या परसात तेलाचे डाग पाडत होता! विद्यार्थ्याच्या मानानं पैसाही बरा जमला.

आणि मग १९४७ च्या ऑक्टोबरात सरकारनं खासगी गाड्यांना मिळणारं पेट्रोलचं मूळ रेशनच बंद केलं. डॉक्टर, शेतकरी अशा गरजवंतांना परवान्यावर मिळे, पण रविवारी बायकापोरांना घेऊन फिरायला जाणाऱ्याला थेंबही नाही. पेट्रोल नाही तर मोटार कशाला? सोन्याच्या भावानं जाणाऱ्या गाड्यांना कुणी विचारीना. दोघा कॉलिनांनी होता तो माल पडेल भावात काढला. जमवलेले पाचशे पौंड बघता बघता गेले. त्या काळात एवढ्या पैशांत लहानशी नवी मोटार आली असती, मिळाली असती तर!

सगळं विकून झाल्यावर एक गाडी उरली. तिला गिऱ्हाईकच मिळेना. ती होती एक जुनाट ऑस्टिन सेव्हन.

या ऑस्टिन सेव्हनबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण ती नसती तर पुढची गोष्टच नसती. हर्बर्ट ऑस्टिननं ही छोटी गाडी १९२२ मध्ये बाजारात आणली. स्टॅन्ली एज नावाच्या अठरा वर्षांच्या आरेखकाला घरी बसवून त्यानं ती कागदावर उतरवून घेतली होती. इंजिन चार सिलिंडरचं, पण ताकद बेताची. आकार ७४७ सीसी, म्हणजे आपल्या मारुती ८०० पेक्षाही थोडा लहान. १९३९ पर्यंत अशा सुमारे २ लाख ९० हजार गाड्या बनल्या. मोटारसायकलला बाजूगाडी जोडून संसार वाहणारा इंग्लिश कारकून हिच्यामुळे पहिल्यांदा टपाखाली बसला. जर्मनीच्या बीएमडब्ल्यूची पहिली मोटार हीच, परवान्यावर बनवलेली.

गाडी इतकी साधी, की एखाद्या हुशार पोरानं पाने घेऊन बसावं आणि संध्याकाळपर्यंत तिचे निम्मे भाग अंगणात मांडून ठेवावेत. भंगारवाल्याकडे तिचे सुटे भाग ढिगानं मिळत. दोषही तितकेच. चासी म्हणजे इंग्रजी ए अक्षरासारखा दोन पट्ट्यांचा सांगाडा, खड्ड्यातून जाताना पिळवटायचा. ब्रेक नावापुरते. पण ज्यांना दुरुस्तीचा नाद असतो त्यांना दोष म्हणजे मेजवानीच. १९३९ मध्ये मोटर स्पोर्ट मासिकाच्या बिल बॉडीनं अशा नादिष्टांना एकत्र करून ७५० मोटर क्लब काढला. इंजिनाच्या आकारावरून हे नाव. युद्धानंतर हा क्लब फोफावला. कुणी शिक्षक, कुणी कारकून, कुणी विद्यार्थी. पैसा कुणाकडेच नाही. चासीच्या पन्हाळीसारख्या पट्ट्या बंद करून पेटी कशी करायची, पाटे चपटे करून गाडी खाली कशी बसवायची, हेडमधून किती लोखंड खरवडलं तर इंजिन तग धरेल, या युक्त्या ते एकमेकांना मोकळेपणानं सांगत. मूळ बॉडी उतरवून, स्वतःची बॉडी चढवून केलेल्या अशा गाडीला ते स्पेशल म्हणत. इंग्लंडात त्या काळी एखाद्या आडगल्लीतल्या पत्र्याच्या शेडमधून रात्री अकराला हातोड्याचा आवाज आला, तर आत बहुधा एखादी ऑस्टिन सेव्हन स्पेशल होत असायची.

कॉलिननं उरलेल्या गाडीचं तेच करायचं ठरवलं. हेझलच्या घरामागच्या त्याच गॅरेजमध्ये त्यानं जुनी बॉडी उतरवली आणि चासी उघडी केली. इथवर तो इतरांसारखाच. पुढे मात्र तो वेगळं वागला. तो कॉलेजात पूल आणि इमारतींचे भार शिकत होता आणि विद्यापीठाच्या हवाई पथकात विमान चालवायला शिकत होता. विमानात नुसत्या शोभेसाठी काही नसतं. बाहेरचं कातडंसुद्धा भार पेलतं. मोटारीत मात्र चासीनं सगळा भार उचलायचा आणि वर बॉडी नुसती पाहुण्यासारखी बसायची. कॉलिननं ॲल्युमिनिअमचा पातळ पत्रा चिकटवलेलं प्लायवूड वापरून अशी बॉडी बनवली, की तिच्यामुळे खालच्या लेच्यापेच्या चासीलाच ताठपणा आला. पाहुण्याला कामाला लावलं म्हणा ना! हेझल पाना धरायला, वाळूकागद घासायला, रंग द्यायला सोबत.

१९४८ मध्ये गाडी तयार झाली. नोंदणी क्रमांक ओएक्स ९२९२. तेव्हा इंग्लंडात चिखलातून, ओढ्यातून, खड्या चढावरून गाडी न थांबवता वर नेण्याच्या स्पर्धा होत. चाक घसरायला लागलं, की शेजाऱ्यानं सीटवर उड्या मारून मागच्या चाकांवर भार द्यायचा. या स्पर्धांत कॉलिनच्या शेजारी बसून हेझल उड्या मारायची. लग्नाआधीची ही फिरायला जाण्याची तऱ्हा कुठल्या सिनेमात शोभली असती! गाडीनं बक्षिसंही आणली. हीच लोटस मार्क वन.

अभ्यासाचं मात्र व्हायचं तेच झालं. गणिताच्या पेपरात गडी घसरला आणि पदवी १९४९ मध्ये, वर्षभर उशिरानं मिळाली. मधल्या काळात तो काही महिने हवाई दलात होता. तिथं कायमची नेमणूक देऊ केली होती, ती त्यानं नाकारली. पुढे ब्रिटिश ॲल्युमिनिअम कंपनीत नोकरी धरली. इमारतींच्या बांधकामात ॲल्युमिनिअम वापरा, हे लोकांना पटवून द्यायचं काम. दिवसा हलक्या धातूची महती गायची आणि रात्री त्याच धातूच्या पत्र्याला गाडीवर वाकवायचं, असा तो जमून आलेला योग.

दुसरी गाडी त्यानं भंगारातल्या फोर्डचे भाग घालून बनवली. जून १९५० मध्ये सिल्व्हरस्टोनला एका क्लबच्या शर्यतीत त्या गाडीनं चक्क एका बुगाटीला मागे टाकलं. बुगाटी म्हणजे शर्यतींतलं खानदानी घराणं! त्या दिवसापासून चिखलातल्या स्पर्धांत त्याचं मन रमेना. सपाट डांबरावरचा वेग त्याला चढला.

१९५१ मध्ये ७५० क्लबच्या शर्यतींसाठी त्यानं तिसरी गाडी केली. मायकेल आणि नायजेल ॲलन हे भाऊ आता सोबतीला होते. या गाडीतली एक युक्ती सांगतो, कारण सबंध चॅपमन त्या युक्तीत आहे. ऑस्टिन सेव्हनच्या इंजिनाला सिलिंडर चार, पण पेट्रोल-हवेचं मिश्रण आत यायला तोंडं दोनच. म्हणजे चाळीत दोन बिऱ्हाडांत एक नळ असावा तसं. एकानं पाणी भरायला घेतलं, की दुसऱ्याच्या घागरीत धार बारीक. सगळे क्लबवाले याच दोन तोंडांशी झगडत होते. नियमाप्रमाणे इंजिन ऑस्टिनचंच हवं. चॅपमननं तोंडांची संख्या बदललीच नाही. त्यानं मॅनिफोल्डमधून आत जाणारी एक पातळ पत्र्याची भिंत त्या प्रत्येक तोंडात सरकवली. एका नळाचे दोन नळ झाले! नियम शाबूत आणि ताकद वाढलेली. त्या मोसमात इतरांना त्याची पाठच बघावी लागली. क्लबनं काय करावं? पुढच्या मोसमासाठी ही युक्ती बंद करणारा नियम केला.

नियमाची पुस्तिका सगळेच वाचतात, पण काय करू नका हे शोधण्यासाठी. चॅपमन ती वाचायचा ती काय लिहायचं राहून गेलंय हे शोधण्यासाठी. क्लबात यावर कौतुकही झालं आणि कुरकुरही. मला विचाराल तर त्या तीन गाड्यांचा काळ त्याच्या आयुष्यातला सगळ्यात निर्मळ. चूक झाली तर मान मोडणार ती त्याची स्वतःची, पैसे बुडणार ते त्याचे स्वतःचे.

१ जानेवारी १९५२ रोजी मायकेल ॲलनसोबत त्यानं लोटस इंजिनिअरिंग सुरू केली. भांडवल पंचवीस पौंड, तेही हेझलकडून उसने घेतलेले. जागा वडिलांच्या पबमागचा जुना तबेला. मार्क सिक्स नावाची नवी गाडी तयार होते न होते, तोच तिला रस्त्यात पाव वाहून नेणाऱ्या गाडीनं ठोकलं. गाडी गेली, पण विम्याचे पैसे आले आणि त्यावर पुढचा डाव उभा राहिला. ॲलन बंधू बाजूला झाले. मग दिवसा विमान कारखान्यात काम करणारा माइक कॉस्टिन संध्याकाळी तबेल्यात येऊ लागला. त्याच्यासारखे कितीतरी. पगार बहुतेकांना नाहीच. ग्रॅहम हिल नावाचा एक मिशाळ तरुण एका शर्यतीनंतर चॅपमनच्या गाडीतून फुकट लंडनला आला आणि काही काळानं दिवसाला एक पौंडावर तबेल्यात मेकॅनिक म्हणून राबू लागला. हा हिल पुढे दोनदा जगज्जेता झाला. चॅपमन स्वतः १९५४ च्या अखेरपर्यंत दिवसा नोकरी आणि रात्री गॅरेज अशा दोन पाळ्या करत होता. त्याच वर्षी त्याचं आणि हेझलचं लग्न झालं.

मार्क सिक्सचं खरं मर्म होतं ती विकण्याच्या पद्धतीत. इंग्लंडात पूर्ण तयार गाडीवर जबर खरेदीकर बसे. सुट्या भागांवर तो नव्हता. चॅपमन नळ्यांचा सांगाडा आणि बॉडीचे पत्रे विकायचा. इंजिन, गिअरबॉक्स, एक्सेल गिऱ्हाइकानं जुन्या फोर्डमधून काढून आणायचे आणि घरी जोडायचे. १९५७ मध्ये आलेली लोटस सेव्हन तर याच तत्त्वावर घरोघर पोचली. दार नाही, टप नावापुरता, पावसात चालवली तर माणूस आतूनबाहेरून भिजणार. पण वळणावर अशी वळायची की वा! गाडी जोडण्याच्या सूचना सोबत दिल्या तर कर लागेल, म्हणून गाडी सुटी कशी करावी याच्या सूचना द्यायच्या आणि गिऱ्हाइकानं त्या उलट्या वाचायच्या, असा किस्सा अजून सांगतात. खरा असो वा रचलेला, चॅपमनला तो शोभतो.

पुढचं वैभव मी भराभर सांगतो, कारण ते पुस्तकापुस्तकांतून आहे. १९६२ च्या लोटस २५ मध्ये त्यानं नळ्यांचा सांगाडाच काढून टाकला आणि ॲल्युमिनिअमच्या पत्र्याचं टब करून चालकाला त्यात जवळजवळ निजवलं. आदल्या गाडीपेक्षा सांगाडा वजनाला निम्मा आणि ताठपणाला तिप्पट. कल्पना कुठली? प्लायवूडच्या बॉडीला कामाला लावणारी, हेझलच्या परसातलीच. जिम क्लार्क हा स्कॉटलंडचा लाजाळू शेतकरी १९६३ आणि १९६५ मध्ये लोटसमधून जगज्जेता झाला. १९६६ मध्ये कंपनी नॉर्फकमधल्या हेथेल इथल्या, युद्धात अमेरिकन बॉम्बर्स उतरत त्या विमानतळावर गेली. १९६८ मध्ये शेअर बाजारात उतरली. तबेल्यातला पोरगा लक्षाधीश झाला. शर्यत जिंकली, की धावपट्टीच्या कडेला पळत येऊन हा आपली काळी टोपी हवेत भिरकावायचा.

पण गाडीतून वजन काढत जाणं म्हणजे काय, याचा दुसरा अर्थही याच वर्षांत समोर आला. एखादा भाग जितका बारीक करावा तितकी गाडी पळते. तो तुटत नाही तोवर. गल्लीतल्या स्पेशलमध्ये एक्सेल तुटला तर माणूस शिव्या देत बाजूच्या शेतात थांबतो. ताशी अडीचशे किलोमीटरला तुटला तर? १९६० मध्ये बेल्जियमच्या स्पा इथं एकाच शर्यतीच्या दोन-तीन दिवसांत स्टर्लिंग मॉसच्या लोटसचं मागचं चाक निघून गेलं आणि त्याचे दोन्ही पाय मोडले. माइक टेलरच्या लोटसचं स्टिअरिंग तुटलं आणि त्याची कारकीर्द संपली. टेलरनं पुढे कंपनीवर दावा लावला आणि तो जिंकला. त्याच शर्यतीत ॲलन स्टेसी हा लोटसचा तिसरा चालक तोंडावर पक्षी आदळून गेला, पण त्यात गाडीचा दोष नव्हता.

क्लार्क ७ एप्रिल १९६८ ला जर्मनीत हॉकेनहाइमला गेला. टायरमधली हवा गेली असावी असा निष्कर्ष निघाला. पंचवीस ग्रां प्री त्यानं जिंकल्या होत्या आणि सगळ्याच्या सगळ्या लोटसमधून. चॅपमनला हा धक्का भावासारखा माणूस गेल्याचा होता. त्यानंतर तो चालकांशी पूर्वीसारखी जवळीक करायला धजला नाही, असं त्याच्या जवळचे लोक सांगत.

योखेन रिंट हा ऑस्ट्रियाचा चालक. लोटस वेगवान आहे म्हणून त्याला हवी होती, आणि ती मोडते म्हणून त्याला तिची भीतीही वाटे. १९६९ मध्ये स्पेनला त्याच्या गाडीचा पंख मोडून तो जखमी झाला, तेव्हा अशा पंखांविरुद्ध त्यानं जाहीर पत्र लिहिलं होतं. १९७० मध्ये लोटस ७२ आली. तिचे पुढचे ब्रेक चाकात नसून आत बसवलेले, चाकाला जोडणारा दांडा पोकळ. ५ सप्टेंबरला इटलीत मोंझाला सरावात रिंटची गाडी ब्रेक लावताना डावीकडे फेकली गेली. पुढे झालेल्या दीर्घ चौकशीत ब्रेकचा दांडा तुटल्याचं निघालं, मात्र मृत्यूचं कारण नीट न बसवलेला लोखंडी कठडा ठरला. त्या वर्षीचं जगज्जेतेपद रिंटला मिळालं, मरणोत्तर. असं आजवर दुसऱ्या कुणाच्या बाबतीत झालेलं नाही.

कायद्यानं जे ठरवायचं ते ठरवलं. पण पुस्तकं, लेख वाचताना माझ्या मनात एक गोष्ट सारखी येते. हेझल शेजारी बसून उड्या मारत होती, तेव्हा दांडा किती बारीक करायचा याचा निर्णय घेणारा आणि तो तुटला तर आपटणारा, हे दोघं एकाच गाडीत होते. मोंझाला ते एका गाडीत नव्हते. चॅपमन क्रूर होता असं कुणी म्हणत नाही. माणसं गेली की तो कोसळायचा. आणि काही आठवड्यांनी पुन्हा कागदावर नवी गाडी काढायला बसायचा.

१९७८ ला त्यानं गाडीच्या पोटाखालची हवाच कामाला लावली. विमानाचा पंख गाडीला वर उचलतो, तर उलटा पंख तिला जमिनीशी दाबेल, या हिशेबानं लोटस ७९ चा तळ घडवला. मारिओ आंद्रेत्ती जगज्जेता झाला. जिंकल्याचं नक्की झालं त्याच मोंझाच्या शर्यतीत सुरुवातीलाच त्याचा जोडीदार रॉनी पीटरसन अपघातात सापडला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गेला. १९८१ मध्ये चॅपमननं एका गाडीला दोन चासी बसवून पुन्हा नियमातली फट शोधली. या वेळी क्लबमधल्या मित्रांसारखं कुणी कौतुकानं हसलं नाही. गाडीवर बंदी आली आणि तो संतापून वर्तमानपत्रांतून भांडला.

शेवटची फट मात्र मोटारीतली नव्हती. अमेरिकेच्या जॉन डेलोरिअनला स्टेनलेस स्टीलची, पंखासारखी दारं उघडणारी मोटार बनवायची होती. कारखाना उत्तर आयर्लंडमध्ये, पैसा बव्हंशी ब्रिटिश सरकारचा, आणि गाडीचं इंजिनिअरिंग लोटसकडे. त्यासाठीचे सुमारे १ कोटी ७६ लाख डॉलर पनामात नोंदवलेल्या जीपीडी नावाच्या कंपनीमार्फत गेले आणि वाटेत नाहीसे झाले. १९८२ मध्ये डेलोरिअनची कंपनी बुडाली. हिशेब विचारले जाऊ लागले. १६ डिसेंबर १९८२ च्या पहाटे चॅपमन हृदयविकारानं घरीच गेला. वय ५४. त्याचा हिशेबनीस आणि वर्षानुवर्षांचा सहकारी फ्रेड बुशेल याला १९९२ मध्ये या प्रकरणात तीन वर्षांची कैद झाली. चॅपमन जिवंत असता तर त्याला निदान दहा वर्षं दिली असती, असं न्यायाधीशांनी तेव्हा बोलून दाखवलं. मेलेल्या माणसाला बाजू मांडता येत नाही, हे खरं. पैसे पनामाच्या वाटेनं गेले, हेही तितकंच खरं.

हेझल चॅपमन २०२१ च्या डिसेंबरात गेली. नवऱ्यामागं तिनं एकोणचाळीस वर्षं काढली. मुलगा क्लाइव्ह जुन्या शर्यतीच्या लोटस दुरुस्त करून पळत्या ठेवतो. दारं नसलेल्या त्या सेव्हनचे हक्क १९७३ मध्ये केटरहॅम कंपनीनं घेतले आणि ती अजूनही पेट्यांत भरून विकली जाते. लोक घराच्या गॅरेजमध्ये ती जोडतात. ७५० क्लबही चालू आहे आणि ऑस्टिन सेव्हनच्या इंजिनांवर अजून शर्यती होतात.

राहता राहिली ती पहिली गाडी. १९५० च्या नोव्हेंबरात चॅपमननं मोटर स्पोर्ट मासिकात जाहिरात देऊन ती विकून टाकली. दुसऱ्या गाडीला पैसे हवे होते आणि वॉरन स्ट्रीटवर वाढलेला माणूस जुन्या गाडीत जीव गुंतवत नाही. उत्तर इंग्लंडातल्या कुणीतरी ती नेली, आणि तिथून पुढे तिचा माग लागत नाही. २०१८ मध्ये, तिला सत्तर वर्षं झाली तेव्हा, क्लाइव्ह चॅपमननं जगभरच्या लोकांना विनंती केली, की आपापली गॅरेजं, शेड्या, शेतावरची कोठारं जरा उघडून पाहा. गाडी दिसायला अगदी सामान्य आहे. ऑस्टिन सेव्हनची चासी, वर प्लायवूडची बॉडी, नंबर ओएक्स ९२९२.